खिमा नव्हे, राजमा बघा

तुम्ही लिहिलंय की चिली, म्हणजे तो राजमा-खिम्याचा अमेरिकन रस्सा, करायला भिजवलेला राजमा, खिमा, टोमॅटो सगळं एकदम स्लो कुकरमध्ये, म्हणजे तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात घालून, आठ तास 'लो'वर ठेवून ऑफिसला गेलात. संध्याकाळी दाणे कचकचीत, आणि जेवणानंतर दोन तासांत दोघांना उलट्या, आणि तुमचा संशय खिम्यावर. वाचून अंगावर काटा आला. ठाण्यात आमच्या घरी अगदी हेच झालं होतं, आणि मीही खिम्यालाच दोष देत बसले होते.

लाल राजम्याच्या कच्च्या दाण्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. खळखळून उकळलं की ते निष्प्रभ होतं. पण स्लो कुकरमध्ये बऱ्याचदा तशी उकळीच येत नाही, आणि ८० अंशांच्या आसपास रेंगाळलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. परदेशी कृतींमध्ये राजमा थेट घालतात तो डब्यातला, आधीच शिजलेला. हे मला कुणी सांगितलंच नाही. भांडं घेताना दुकानात दोनदा विचारलं होतं. उत्तर एकच, "रात्रभर भिजवा, मॅडम, बस." पुस्तिकेत त्यावर एक ओळ नाही. नंतर फोन केला तर वॉरंटीचं बोलायला लागले! सासूबाईंना सलाईन लावावं लागलं होतं. तो राग अजून गेलेला नाही.

आता मी भिजवलेलं पाणी फेकते, नव्या पाण्यात राजमा प्रेशर कुकरला लावते आणि बोटाने चेपेपर्यंत शिजवते. शिट्ट्या नाही सांगत, जुना राजमा वेळ खातो. टोमॅटो त्यानंतरच, आंबटपणात दाणे मऊ होत नाहीत. खिमा कांद्यावर परतून घ्या, मग सगळं स्लो कुकरमध्ये. झाकण सारखं उघडू नका.

आणखी एक. अमेरिकन कृतीतली 'चिली पावडर' म्हणजे जिरं, ओरेगानो, लसूण घातलेलं मिश्रण. त्या मापाने आपलं लाल तिखट घातलंत तर खाववणार नाही. मी बेडगी निम्मीच घेते, जिरेपूड वेगळी.

पांढऱ्या राजम्यात ते द्रव्य कमी असतं म्हणतात, मी तरी तोही उकळूनच घालते. मी डॉक्टर नाही, पण उलट्या थांबल्या नसतील, त्यात घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर आजच दवाखान्यात जा. आणि फ्रिजमध्ये ठेवलेली ती उरलेली चिली गरम करून कुणाला वाढू नका, टाकून द्या.