धार्मिक भयकथा लघुपटात जास्त अंगावर का येते?

कारण अर्धं काम प्रेक्षकाच्या मनात आधीच झालेलं असतं. ऑस्करच्या नियमात लघुपट म्हणजे श्रेयनामावलीसकट 40 मिनिटांपर्यंतचा. प्रत्यक्षात बरेचसे दहा-पंधरा मिनिटांतच आटोपतात. एवढ्यात नवं भूत, त्याचा पूर्वेतिहास, त्याचे नियम सांगत बसायला वेळ कुठे? जपमाळ किंवा क्रूस दिसला की पावित्र्य म्हणजे काय हे समजावावं लागत नाही. फक्त ते किंचित बिघडवायचं.

समजा, अंधारात एक बाई गुडघे टेकून प्रार्थना पुटपुटतेय. ती श्वास घ्यायला थांबते, आणि पुढचा शब्द तरीही ऐकू येतो. बस्स! हाक देवाला मारली आणि ओ भलत्यानेच दिली. राक्षस दाखवायची गरज नाही, मेकअपचा खर्चही वाचतो.

नवखे दिग्दर्शक घसरतात ते लॅटिन मंत्र, पांढरे डोळे आणि उलट्या क्रूसावर. 1973 च्या 'द एक्झॉर्सिस्ट'नंतर हा मसाला इतका उगाळलाय की आता भीतीऐवजी हसू येतं. त्यात उलटा क्रूस हे ख्रिस्ती परंपरेत मुळात संत पीटरचं चिन्ह, सैतानाचं नव्हेच.