‘प्रॉमिथिअस बाउंड’मध्ये काहीच घडत नाही, मग या नाटकाचा अभ्यास कसा करावा?

ईस्किलसच्या नावावर असलेल्या या प्राचीन ग्रीक शोकांतिकेचा नायक प्रॉमिथिअस पहिल्याच प्रसंगात खडकाला जखडला जातो आणि शेवटपर्यंत तिथून हलत नाही, त्याने माणसांसाठी केलेली अग्नीची चोरी तर नाटक सुरू होण्यापूर्वीच झालेली असते. त्यामुळे आपला प्रश्न अगदी रास्त आहे. एम. ए.ला असताना तो मलाही पडला होता. प्रॉमिथिअस कधी बोलतो आणि कधी बोलत नाही, एवढेच मी समासात पेन्सिलीने टिपू लागलो, तेव्हा कुठे नाटकाची वाट सापडली.

सुरुवातीचा प्रसंग सावकाश वाचावा. सिथियाच्या निर्जन कड्यावर देवांचा राजा झ्यूस याचे सेवक सत्ता आणि बळ, म्हणजे क्रेटॉस आणि बिया, त्याला घेऊन येतात. ज्याचा अग्नी चोरीला गेला तो लोहारकामाचा देव हेफिस्टसच स्वतःच्या हस्तकौशल्याला दूषणे देत त्याच्या हातांत बेड्या ठोकतो, छातीतून वज्रासारखी कठीण पाचर आरपार घालतो, आणि क्रेटॉस ‘आणखी जोरात’ म्हणून बजावत राहतो. एवढे होऊनही प्रॉमिथिअस हूं की चूं करत नाही. ते निघून गेल्यावरच तो तोंड उघडतो आणि साक्षीला बोलावतो ते आकाशाला, वाऱ्यांना, नद्यांच्या उगमांना, समुद्राच्या असंख्य लाटांच्या हास्याला, पृथ्वीला आणि सूर्याला. छळणाऱ्यांना आपले कण्हणे ऐकू न देणे, हा माझ्या मते त्याचा पहिला नकार आहे. दुसरा नकार शेवटी येतो : कोणत्या विवाहामुळे झ्यूसची सत्ता जाईल हे रहस्य झ्यूसचा दूत हर्मिस याने धमकावूनही तो सांगत नाही. प्रॉमिथिअसचे यकृत तोडणारा गरुड या नाटकात केवळ त्या धमकीत आहे. उत्तरपत्रिकेत तो रंगमंचावर आणू नये.

टायटनांशी, म्हणजे आधीच्या पिढीतल्या देवांशी, झालेल्या युद्धात प्रॉमिथिअस झ्यूसच्याच बाजूने होता, हे मात्र विसरू नये. मित्रांवर विश्वास न ठेवणे हा जुलमी सत्तेला जडलेला रोगच आहे, असे तो म्हणतो ते या अनुभवावरून. आणखी एके ठिकाणी तो ‘मी जाणूनबुजून चुकलो, ते नाकारणार नाही’ असे कबूल करतो. मूळ ग्रीकमधले हे क्रियापद ‘हमार्तिया’च्याच, म्हणजे शोकांतिकेतील नायकाच्या प्रमादासाठी वापरल्या जाणाऱ्या शब्दाच्याच, धातूचे आहे, म्हणून अजाणता घडलेल्या प्रमादाचे नेहमीचे सूत्र या नायकाला सरसकट लावता येत नाही. हे नाटक खरोखर ईस्किलसनेच लिहिले का, याविषयी अभ्यासकांत वाद आहे, त्याचा एका वाक्यात उल्लेख पुरे.

आयोचा प्रसंग लांबलेला वाटला तरी वगळू नये. झ्यूसच्या वासनेमुळे घरादाराला मुकलेली, डोक्यावर शिंगे उगवलेली, गोमाशीच्या दंशाने रानोमाळ पळणारी ही मानवकन्या नसती, तर सगळा झगडा देवादेवांतलाच राहिला असता. आणि प्रॉमिथिअसची सुटका करणारा जन्माला येणार आहे तोही तिच्याच वंशात, तेराव्या पिढीत.

कोरसही, म्हणजे सागरकन्यांचा गायकवृंदही, दुर्लक्षू नये. ‘इथून दूर व्हा’ असे हर्मिस सागरकन्यांना बजावतो, तेव्हा आतापर्यंत प्रॉमिथिअसला नमते घ्यायला सांगणाऱ्या त्या मुलीच ‘आम्हांला नीचपणा शिकवू नकोस’ असे उत्तर देतात आणि धरणी हादरू लागली तरी त्याच्याजवळच थांबतात.