नालासोपाऱ्यातला फ्लॅट नायजेरियन कुटुंबाला भाड्याने द्यावा का?

तुम्ही लिहिलंय की नालासोपारा पूर्वेला तुमचा वन बीएचके रिकामा आहे, एजंटने एक नायजेरियन नवरा-बायको आणलेत, नेहमीच्या दुप्पट डिपॉझिट मिळवून देतो म्हणतोय, आणि सोसायटीवाले म्हणतात हे सगळे ड्रग्जवाले, एकाला घेतलंत की मागून दहा येतील. घर द्यावं का?

द्या. कागद पुरे असतील तर बेलाशक द्या. आणि दुप्पट डिपॉझिट घेऊ नका. ते का, हे पुढे येईलच.

तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही. हेच सगळं मी माझ्या मोठ्या भाऊजींशी, म्हणजे थोरल्या दिरांशी भांडलेय आणि ते भांडण अजून मिटलेलं नाही. भाऊजी आमच्या जुन्या बिल्डिंगचे सेक्रेटरी. तिथला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट माझ्या नावावर आहे. आम्ही वसईला राहायला आलो आणि तो रिकामा झाला.

मी सहारला एका क्लिअरिंग ऑफिसात एअर कार्गोचं डॉक्युमेंटेशन बघते. आमच्याकडे लागोसला माल पाठवणाऱ्या पार्ट्या बऱ्याच. बहुतेक नायजेरियाच्या आग्नेय भागातले इग्बो व्यापारी. उल्हासनगरची जीन्स, टी-शर्ट, लहान मुलांचे कपडे आणि ‘जॉर्ज’ नावाचं भरजरी कापड. त्यांच्याकडे लग्नात बायका ते कमरेला गुंडाळून नेसतात आणि ते जातं आपल्याकडून. विमानाचं भाडं नुसत्या काट्यावरच्या वजनावर ठरत नाही. खोका फुगलेला असेल तर लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार भागिले ६००० करतात आणि जे वजन जास्त निघेल ते धरतात. माझा भाडेकरू त्या पार्ट्यांपैकीच एक. खिशात स्वतःची मेजर टेप. खोक्यावर गुडघा देऊन दाबायचा, पट्टी आवळायचा, पुन्हा मोजायचा. अर्ध्या किलोसाठी माझ्याशी वाद घालायचा आणि बिल मात्र त्याच दिवशी चुकतं करायचा. पैसे बुडवणाऱ्यांची यादी आमच्या ऑफिसात आहे, तीत सगळ्या जातीधर्माचे लोक आहेत, आपले मराठीही आहेत. तो कधीच नव्हता. म्हणून २०२२ मध्ये त्याने घर शोधतोय म्हटल्यावर मी एजंट मध्ये न घालता त्याला माझा फ्लॅट दिला. बायकोही सोबत होती.

लीव्ह अँड लायसन्स रजिस्टर केलं, पोलिसांना कळवलं, फॉर्म सी (परदेशी माणूस घरात राहायला आला की मालकाने सरकारला द्यायची माहिती) भरला. सोसायटीला लेखी पत्र दिलं. आणि तिथून सुरू झालं.

पहिली तक्रार वासाची. ‘तिसऱ्या मजल्यावरून घाण वास येतो.’ मी गेले बघायला. ती बाई जवळा भाजून मिक्सरमधून काढत होती. त्यांच्याकडे बारीक सुकवलेली कोळंबी कुटून रश्शात घालतात, तिला इथे बाजारात कोळणीकडे जवळा मिळाला आणि तिचं काम झालं. ओट्यावर कागद पसरून त्यातला कचरा, खडे वेचत बसली होती, माझी आई बसायची अगदी तशी. आम्ही मालवणकडचे. भाऊजींच्या घरी रविवारी सुके बोंबील भाजले की जिनाभर कळतं. मी त्यांना तोंडावर विचारलं, भाऊजी, त्या वासाची तक्रार कोणी केली होती का आजवर? म्हणाले, ‘ती गोष्ट वेगळी.’ कशी वेगळी ते त्यांनी आजतागायत सांगितलेलं नाही.

मग वॉचमनकडे वेगळं रजिस्टर. बिल्डिंगमध्ये बाकी कोणाची नोंद होत नव्हती, फक्त या दोघांची. जाण्याची वेळ, येण्याची वेळ, हातात पिशवी होती की नाही. मग बोर्डावर नोटीस लागली, ‘परदेशी भाडेकरूंकडे रात्री नऊनंतर पाहुणे येऊ नयेत.’ बायका लिफ्टमध्ये ती शिरली की बाहेर पडायच्या. पोरं तिला बघून ‘काळी, काळी’ ओरडायची आणि आया हसायच्या. ती मला म्हणायची, ‘सिस्टर, मुलांचं काही नाही.’ मोठ्यांबद्दल ती काही बोलायची नाही.

एका रविवारी त्यांच्याकडे प्रार्थनेला चार ओळखीची माणसं आली होती. ख्रिस्ती लोक, गाणी म्हणत होते. सोसायटीतून कोणीतरी पोलिसांना फोन केला, टोळी जमली आहे म्हणून. भाऊजींनी मलाही फोन केला, म्हणून मी पोचले. दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला एक प्लास्टिकचा फोल्डर टांगलेला असायचा. पासपोर्टच्या प्रती, व्हिसा, करारनामा, फॉर्म सीची प्रिंट, सगळं क्रमाने. ती दूध आणायला खाली गेली तरी तो फोल्डर काखेत घेऊन जायची. त्या दिवशी हवालदाराने काही विचारायच्या आधीच तिने तो काढून समोर धरला. साहेबांनी एकेक पान पाहिलं, सगळं व्यवस्थित आहे म्हणाले आणि निघून गेले. जिन्यात उभे असलेले लोक मात्र हलले नाहीत. कागद बरोबर निघाले याचा त्यांना आनंद तर नव्हताच, उलट फसवणूक झाल्यासारखे चेहरे होते.

मग सोसायटीची सभा. विषय माझा फ्लॅट. एक गृहस्थ उठून म्हणाले की ही माणसं माणसं खातात, मोबाईलवर व्हिडिओ आहेत. मी तिथेच सांगितलं की याच अफवेवर ग्रेटर नोएडात २०१७ च्या मार्चमध्ये काय झालं ते आधी वाचा. एक शाळकरी मुलगा बेपत्ता झाला, शेजारच्या नायजेरियन विद्यार्थ्यांनी त्याला खाल्लं अशी आवई उठली आणि लोक त्यांच्या घरात घुसले. मुलगा जिवंत घरी आला, पुढे दवाखान्यात वारला, अमली पदार्थांचा संशय होता. ज्यांच्यावर आळ होता त्यांच्याविरुद्ध पुरावा मिळाला नाही. तरी दोन दिवसांनी मॉलमध्ये जमावाने आफ्रिकन पोरांना खुर्च्यांनी आणि कचऱ्याच्या डब्यांनी झोडपलं. सभेत शांतता झाली. मग भाऊजी म्हणाले, ‘आपल्या पोरीबाळी जिन्यातून ये-जा करतात, उद्या काही झालं तर?’ आणि हात वर झाले, परदेशी भाडेकरू नकोत असा ठराव पास.

असा ठराव कायद्यात टिकत नाही. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमांनुसार, सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त कळवावं लागतं. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे फ्लॅट भाड्याने दिला की सोसायटी सभासदाकडून घेते ते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, तो सरकारी आदेश २००१ चा आहे. भाडेकरू कुठल्या देशाचा असावा हे ठरवायचा अधिकार सोसायटीला नाही. मी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अर्ज केला, सोसायटीला विचारणा झाली आणि नोटीस मागे घेतली गेली.

पण तोवर ते दोघं घर सोडून गेले होते.

भाऊजी आजही म्हणतात, ‘बघ, गेले ना आपणहून. हे लोक एका जागी टिकतच नाहीत.’ प्रत्येक लग्नाकार्यात हेच वाक्य. भाऊजी, तुम्ही हे कधी वाचाल असं वाटत नाही, तरी लिहून ठेवते. ते आपणहून गेले नाहीत. रजिस्टरने, नोटिशीने, लिफ्टमधल्या बायकांनी आणि तुमच्या ठरावाने त्यांना घालवलं.

पुढे काय झालं ते तुम्ही, प्रश्न विचारणाऱ्यांनी, नीट वाचा, कारण दुप्पट डिपॉझिटचा मुद्दा इथे आहे. एका एजंटने त्यांना दुसरीकडे जागा दिली. डिपॉझिट दुप्पट, भाडं आगाऊ आणि करार साध्या कागदावर. मालकाला रजिस्ट्रेशन नको, फॉर्म सी नको, आपलं नाव कुठे यायला नको. आता व्हिसा वाढवायला गेलं की राहण्याचा पुरावा लागतो, आणि तो मालकानेच द्यायचा असतो. मालक देत नाही. म्हणजे मुदत वाढत नाही. मुदत संपली की माणूस बेकायदा. देश सोडायचा तर दंड आणि एक्झिट परमिट, आणि तिकिटाचे पैसे तर धंद्यात अडकलेले. २०२३ च्या जूनमध्ये नायजेरियाच्या सरकारने नायराचा, म्हणजे त्यांच्या चलनाचा, दर मोकळा सोडला, काही महिन्यांत डॉलरला ४६० नायराच्या आसपास असलेला भाव १,५०० च्या घरात गेला. ज्यांची भांडवलं नायरात होती ते साफ बसले. माझा भाडेकरू व्हिसा संपायच्या आत निघून गेला, म्हणून वाचला. आता नायजेरियात ओनित्शाला असतो आणि माल चीनमधून मागवतो. जे निघू शकत नाहीत त्यांची पुढे पेपरात बातमी येते, ‘बेकायदा राहणारे नायजेरियन ताब्यात’. ती वाचून सोसायटीवाले म्हणतात, बघा, आम्ही सांगत होतो. कागद द्यायचे नाहीत आपणच, आणि कागद नाहीत म्हणून बोंब मारायचीही आपणच.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. माझ्या भाडेकरूच्या भावाचं जोहान्सबर्गला मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं, २०१९ च्या सप्टेंबरमधल्या दंगलींत लुटलं. तेव्हा तर एका नायजेरियन विमान कंपनीने आपल्या लोकांना फुकट परत आणलं. तो म्हणायचा, ‘तिथले लोक तर माझ्याच रंगाचे आहेत.’ त्यावर काय बोलायचं ते मला कधी सुचलं नाही. गोव्यातही २०१३ च्या ऑक्टोबरच्या शेवटी पर्रा गावात एका नायजेरियनाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला, आणि चिडायचं खुन्यांवर ते राहिलं बाजूला, एका मंत्र्याने नायजेरियनांनाच कॅन्सर म्हटलं. नंतर शब्द मागे घेतले. नायजेरियातही भारतीय राहतात, अशी आठवण तेव्हा त्यांच्या वकिलातीतल्या अधिकाऱ्याला करून द्यावी लागली.

आता ड्रग्ज. खोटं सांगणार नाही, नायजेरियन पकडले जातात. नालासोपाऱ्याच्या प्रगतीनगरात पोलिसांच्या धाडी पडतात, कोकेन सापडतं, एमडी (मेफेड्रोन) सापडतं. ज्यांनी केलं त्यांना शिक्षा व्हावी, मला त्यांचा पुळका नाही. पण २०२३ मध्ये नाशिकच्या शिंदे गावात एमडीचा कारखाना सापडला, २०२४ मध्ये पुण्याजवळ कुरकुंभला सापडला. त्यानंतर नाशिकच्या किंवा पुण्याच्या माणसाला कुठल्या सोसायटीने घर नाकारलं? मग एकाच देशाच्या माणसांना एकमेकांच्या गुन्ह्याबद्दल का जबाबदार धरायचं? नायजेरियाही धुतल्या तांदळाची नाही, हेही सांगते. १९६९ मध्ये घानाने नायजेरियनांना हाकललं, आणि १९८३ मध्ये नायजेरियाने घानाच्या लाखो लोकांना दोन आठवड्यांची मुदत देऊन बाहेर काढलं. पण त्याचा हिशेब तुमच्या दारात आलेल्या जोडप्याकडून घ्यायचा नसतो.

माझा अनुभव एका कुटुंबाचा आहे, हे लक्षात ठेवा. मूळ पासपोर्ट आणि व्हिसा दाखवायला कोणी टाळाटाळ करत असेल तर घर देऊ नका, मग तो कुठल्याही देशाचा असो. वन बीएचकेत आठ जण राहणार असतील तर देऊ नका, मराठी असले तरी देऊ नका. धंदा काय करतो ते विचारा, शिपिंगची बिलं दाखवायला सांगा, खरा व्यापारी लगेच दाखवतो. करार रजिस्टर करा, कायद्याने ती जबाबदारी मालकाची आहे. परदेशी भाडेकरूच्या माहितीचा फॉर्म (आमच्या वेळी त्याला फॉर्म सी म्हणत) ऑनलाइन असतो, भाडेकरू राहायला आल्यापासून २४ तासांत भरावा लागतो, विसरलात तर तुमच्यावरच येईल. त्याची प्रिंट त्यांच्या हातात द्या. डिपॉझिट बाकीच्यांकडून घेता तेवढंच घ्या. जास्त पैसे घेतले की पुढे सोसायटीशी भांडायला तुम्हालाच तोंड राहत नाही.

आणि सोसायटीवाले ‘चालणार नाही’ म्हणाले तर वाद घालू नका, लेखी द्या म्हणा. बहुतेक वेळा देत नाहीत. दिलं तर ते पत्र घेऊन सरळ उपनिबंधकांकडे जा, आणि भाडेकरू घरात असतानाच जा, माझ्यासारखा उशीर होऊ देऊ नका. माझ्या अर्जाची प्रत हवी असेल तर कळवा, नावं खोडून पाठवते.