चार्टमध्ये नुसतं ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असेल तर बी२० द्यायचा की झेड२१? आमचे लीड म्हणतात, औषधं चालू असली की सरळ बी२०.

आधी उत्तर देते, मग माझी कटकट ऐका. (नव्यांसाठी: मेडिकल कोडिंग म्हणजे चार्टवरून, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदींवरून, पेशंटच्या आजारांना ठरलेले कोड देणं. बी२० म्हणजे एचआयव्हीचा आजार, झेड२१ म्हणजे लक्षणं नसलेला एचआयव्ही. लीड म्हणजे टीमचा प्रमुख.)

नुसतं ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ किंवा ‘नोन एचआयव्ही’ लिहिलंय, लक्षणं नाहीत, एचआयव्हीमुळे झालेला कुठलाही आजार नोंदवलेला नाही, तर झेड२१. डॉक्टरांनी ‘एड्स’ किंवा ‘एचआयव्ही डिसीज’ म्हटलं, किंवा न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया, कापोसी सार्कोमा असलं काही एचआयव्हीमुळे झाल्याचं लिहिलं, तर बी२०. आणि एकदा बी२० लागला की तो पेशंट परत झेड२१ वर येत नाही. आज व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडत नसला, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) आठशेच्या वर असला, तरी नाही. हे सगळं कोडिंगच्या अधिकृत गाइडलाइनच्या पहिल्या चॅप्टरमध्ये आहे, लीडना विचारायची गरजच नाही.

पण तुमच्या प्रश्नातलं दुसरं वाक्य वाचलं आणि माझं डोकं फिरलं. ‘औषधं चालू असली की बी२०’ हे वाक्य मी ऐरोलीत अगदी याच शब्दांत ऐकलंय.

मी बी.फार्म. आधी ठाण्यात मेडिकलच्या काउंटरवर होते, मग कोडिंगला लागले. प्रोजेक्ट रिस्क अ‍ॅडजस्टमेंटचा, क्लायंट अमेरिकेचा. म्हणजे पेशंटचे आजार कोडमध्ये नोंदवायचे, आणि त्यावरून इन्शुरन्स कंपनीला मिळणारे पैसे ठरतात. एक चार्ट आला. तरुण माणूस, तब्येत ठणठणीत, फॉलोअपला आलेला. औषधांच्या यादीत एमट्रिसिटाबिन-टेनोफोव्हिर, रोज एक गोळी. लॅबमध्ये एचआयव्ही अँटिजेन-अँटिबॉडी नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह, क्रिएटिनिन नॉर्मल, सिफिलिस, गोनोरिया, क्लॅमिडिया तिन्ही निगेटिव्ह. असेसमेंटमध्ये डॉक्टरांनी एवढंच खरडलेलं: तेच औषध चालू ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा लॅब. पेशंटला एचआयव्ही आहे असं अख्ख्या नोटमध्ये एका ओळीतही नव्हतं.

मेडिकलमध्ये काम केलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल. ही प्रेपची गोळी. एचआयव्ही नसलेल्या माणसाने तो होऊ नये म्हणून घ्यायची. अमेरिकेत या जोडीला प्रेपसाठी २०१२ सालीच मान्यता मिळाली, आणि दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी हा त्या उपचाराचाच भाग आहे. मी बी२० दिला नाही, क्वेरी टाकली, म्हणजे खुलासा मागितला.

लीड खुर्ची सरकवत आले. “अगं, औषध एचआयव्हीचं आहे ना? मग बी२०. क्वेरी कसली काढतेस, टार्गेट बघ.” मी म्हटलं, “सर, टेस्ट निगेटिव्ह आहे.” तर म्हणे, “औषधाने निगेटिव्ह आली असेल.” औषधाने व्हायरल लोड खाली जातो. आधीपासून पॉझिटिव्ह असलेल्या माणसाची अँटिबॉडी टेस्ट नेहमीच्या उपचाराने अशी निगेटिव्ह होत नाही. हे मी सांगायला गेले तर ‘तू डॉक्टर आहेस का’ असं झालं. बरं, मी डॉक्टर नाही. मग सर, तुम्ही आहात का?

यामागचं गणित उघड आहे. एचआयव्हीला रिस्क अ‍ॅडजस्टमेंटमध्ये वजन आहे, कोड सापडला की क्लायंट खूश. पण तो कोड त्या माणसाच्या इन्शुरन्सच्या रेकॉर्डला चिकटतो. ज्याने आजार टाळायला गोळी घेतली, त्याच्याच नावावर तुम्ही आजार लिहिता. पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्या मुलीला डायबेटिस लावण्यातलाच हा प्रकार.

मी न लावलेला बी२० ‘मिस्ड कोड’ म्हणून माझ्या नावावर एरर पडला. मी रिबटल, म्हणजे हरकत, लिहिलं, गाइडलाइनचं पान जोडलं. पुढे क्लायंटच्या ऑडिटरने तो बी२० काढून टाकला. माझी एरर मात्र तशीच राहिली, कारण म्हणे महिन्याचा रिपोर्ट क्लोज झाला होता. इन्क्रिमेंटच्या वेळी तो आकडा बरोबर पुढे आला.

माझी वहिनी आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन-तपासणी केंद्रात, समुपदेशक आहे. पेशंटचं काही न सांगता मी तिला नुसता नियम ऐकवला. ती म्हणाली, “आम्ही तीन वेगवेगळ्या किटवर रिअ‍ॅक्टिव्ह आल्याशिवाय तोंडातून शब्द काढत नाही, आणि तुम्ही गोळी बघून ठरवता?” मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, आजही नाही.

तेव्हा औषधांच्या यादीवरून निदान करू नका. टेनोफोव्हिर हिपॅटायटिस बी साठीही देतात. ‘दोनच औषधं आहेत म्हणजे प्रेप’ हाही शॉर्टकट घेऊ नका, डोलुटेग्राव्हिर-लॅमिव्ह्युडिन ही दोघांचीच जोडी चक्क उपचाराची आहे. आणि लीड ज्या वाक्याचा आधार घेतात ते पूर्ण वाचा. ‘एचआयव्ही डिसीज, त्याच्याशी संबंधित आजार किंवा एड्स’ डॉक्टरांनी नोंदवलेलं असेल आणि पेशंट अँटिरेट्रोव्हायरलवर (एचआयव्हीच्या औषधांवर) असेल, तर बी२०. वाक्याचा पहिला अर्धा भाग गिळायचा नसतो.

अजून एक गोष्ट, ट्रेनिंगमध्ये घाईत निघून जाते. इनपेशंटला ‘प्रोबेबल’, ‘सस्पेक्टेड’ लिहिलं तर बाकी बहुतेक आजार झाल्यासारखे कोड करता येतात. एचआयव्हीला ती सूट नाही, कन्फर्म असेल तरच. त्यासाठी फाइलमध्ये टेस्टचा रिपोर्ट असलाच पाहिजे असंही नाही, डॉक्टरांचं विधान पुरतं. टेस्टचा निकाल नक्की नसेल तर आर७५.

गरोदर पेशंट असेल तर ओ९८.७ गटातला कोड आधी, मग बी२० किंवा झेड२१. अपघाताने अ‍ॅडमिट झाला असेल तर आधी दुखापत, नंतर बी२०.

हे सगळं अमेरिकन आयसीडी-१०-सीएम बद्दल. भारतातल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्डला डब्ल्यूएचओची आयसीडी-१० असते, तिथे बी२० ते बी२४ असे वेगळे कोड आहेत, घोळ घालू नका. गाइडलाइन दर १ ऑक्टोबरला बदलते. प्रेपला झेड२९.८१ हा स्वतंत्र कोड २०२३ च्या ऑक्टोबरपासून मिळाला, माझ्या वेळी नव्हता. क्लायंटचे स्वतःचे नियम असतील तर तेही बघा. ते गाइडलाइनच्या विरुद्ध जात असतील तर विचारा.

आणि कृपा करून ट्रान्सहार्बरच्या डब्यात चार्टचे किस्से सांगू नका. ऐरोली ते ठाणे कोडर पोरं जे बडबडतात ते ऐकून अंगावर काटा येतो. आपल्याकडेही एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि कुणाची स्थिती उघड करण्याबद्दल त्यात स्पष्ट लिहिलंय.

राहिले तुमचे लीड. त्यांना नम्रपणे सांगा, ‘सर, हा नियम मेलवर द्या.’ देणार नाहीत. मग तुम्हीच मेल टाका, ‘आपण तोंडी सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून, आणि क्वालिटी टीमला सीसी ठेवा. महिना क्लोज व्हायच्या आत टाका.