लेकर्स आणि सेल्टिक्स या अमेरिकी बास्केटबॉल संघांमधलं वैर नेमकं कधीपासूनचं?

१९५९ पासूनचं. तेव्हा लेकर्स लॉस एंजेलिसला आलेलेही नव्हते, मिनीॲपोलिसचे होते. बॉस्टन सेल्टिक्सने त्यांना एनबीए या व्यावसायिक लीगच्या अंतिम मालिकेत ४-० धुतलं. साठच्या दशकात आणखी सहा अंतिम मालिका झाल्या, सहाही सेल्टिक्सच्या. खरं तर याला वैर म्हणणं लेकर्सवर उपकारच. १९६९ ची सगळ्यात जिव्हारी लागणारी: सातवा, निर्णायक सामना घरच्या कोर्टवर, विजयाचे फुगे छताला टांगून तयार, आणि लेकर्स दोन गुणांनी हरले! मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू मात्र हरलेल्या लेकर्सचा जेरी वेस्ट. असं पुन्हा कधीच घडलेलं नाही. १९८४ ला लॅरी बर्डच्या सेल्टिक्सनी मारली बाजी. १९८५ ला लेकर्सच्या मॅजिक जॉन्सन, करीम अब्दुल-जब्बार यांनी बॉस्टनमध्येच हिशेब चुकता केला, १९८७ लाही हरवलं. पुढे २००८ सेल्टिक्स, २०१० लेकर्स. एकूण ९-३, सेल्टिक्सच्या बाजूने.