चिपळूणच्या बाजारपेठेतलं ते जुनं उपाहारगृह खरंच बिघडलंय का?

तुमचा प्रश्न असा आहे: बदली होऊन चिपळूणला आलात, बिऱ्हाड बाजारपेठेच्या मागे घेतलंत, आणि घराजवळच्या जुन्या उपाहारगृहाबद्दल गूगलवर एकाने पाच तारे देऊन 'चिपळूणची शान' लिहिलंय, तर त्याच्या खालीच दुसऱ्याने एक तारा देऊन 'नाव मोठं लक्षण खोटं'. यात खरं कोणाचं, आणि रोजच्या चहा-नाश्त्याला तिथे जावं का?

दोघांचंही खरं आहे. पाच तारेवाला सकाळी साडेसातला गेला असणार आणि एक तारावाला संध्याकाळी सहानंतर. माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान त्याच रांगेत आहे, दुकानात चहा तिथूनच येतो, आणि त्या हॉटेलाबद्दल गावात जे बोललं जातं त्यातलं निम्मंअधिक माझ्या काउंटरवर कोपर टेकून बोललं जातं. हॉटेलचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते ठाऊक आहे, बाकीच्यांना नसलं तरी चालेल.

मतं वाचताना ताऱ्यांकडे बघू नका, कोणत्या पदार्थाबद्दल लिहिलंय ते बघा. हॉटेल एका दिवसात सगळंच्या सगळं बिघडत नाही, एकेक पदार्थ हातचा जातो. इथे आधी मिसळ गेली, मग चटणी, मग संध्याकाळचे वडे. घावन अजून शाबूत आहेत, वाटाण्याची उसळही. चहा पातळ झालाय, पण वाईट नाही.

मिसळीचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त शिव्या तिलाच पडतात. तिथला जुना आचारी सुकं खोबरं आणि कांदा वेगवेगळे भाजायचा. कांदा पार काळपट होईपर्यंत, खोबरं मात्र बदामी झालं की लगेच उतरवायचा. भटारखान्याची खिडकी आमच्या मागच्या बोळात उघडते, त्यामुळे हा सगळा कार्यक्रम वासावरून कळायचा. कट दाट असायचा, तर्री वर तरंगून वेगळी पडायची नाही. लॉकडाऊनमध्ये आचारी गावी गेला, गुडघे धरले होते, तो परत आला नाही. प्रमाण कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याच्या हाताखालच्या पोऱ्याला भाजणं माहीत होतं, पण किती आणि कशानंतर काय, ते नाही. आता कट लालभडक असतो, वर तेलाचा थर आणि खाली पाणी. तिखट लागतो, चव लागत नाही. मिसळीवरची एक ताऱ्याची मतं मी डोळे झाकून मान्य करतो.

चटणीचं कारण वेगळं. कोकणातल्या हॉटेलात नारळ कर्नाटकातून येतो हे बाहेरच्यांना पटत नाही, पण बाजारातला बराचसा माल तिकडचाच असतो, आणि २०२५ मध्ये नारळाने जो भाव खाल्ला त्यात भल्याभल्यांनी हात आखडता घेतला. मग चटणीत डाळं वाढलं. ओळखायची खूण सोपी आहे: वाटी पाच मिनिटं ठेवा. नारळाच्या चटणीला कडेने पाणी सुटतं, डाळ्याची चटणी उलट घट्ट होत जाते आणि चमच्याला चिकटते. इथली आता चिकटते. याला मी लबाडी म्हणणार नाही. घावनाचा दर तोच ठेवायचा तर कुठेतरी कात्री लागणारच. दर दोन रुपयांनी वाढवला तर हीच मंडळी 'लुटतात' म्हणून लिहितील.

वड्यांबद्दल मात्र मला राग आहे. सकाळी हॉटेलचे मालक, आमचे काका, स्वतः गल्ल्यावर असतात, भटारखान्यात एक ताई आहेत, आणि वड्याचा घाणा गिऱ्हाईक बघून लहान लहान निघतो. दुपारनंतर काका घरी जातात आणि त्यांचा भाचा बसतो. चारला एकदम मोठा घाणा निघतो, परात भरून ठेवली जाते, आणि सहानंतर जो मागेल त्याला त्यातलाच वडा पुन्हा कढईत टाकून देतात. दुसऱ्यांदा तळलेल्या वड्याची पारी कडक होते, आतला बटाटा कोरडा पडतो आणि हाताला तेल लागतं ते पुसून जात नाही. तेलही सकाळचंच. तेलातले पोलर घटक, म्हणजे पुन्हा पुन्हा तापवून तेलात वाढणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते स्वयंपाकात वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून देशभर लागू आहे. त्या परिपत्रकाच्या प्रती काढायला हॉटेलवाले माझ्याकडेच आले होते, म्हणून मला माहीत. तेल मोजायचं यंत्र इथे कोणाकडे नाही, पण रंग आणि फेस बघितला तरी कळतं. भाच्यालाही कळतं.

आता पुराबद्दल. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं ते तळमजले गिळूनच थांबलं. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी बघितला होता ते 'तेवढं येणार नाही' म्हणत सामान माळ्यावर टाकून बसले, आणि माळेही बुडाले. माझी दोन झेरॉक्स मशिनं गेली. हॉटेलची संगमरवरी टेबलं फुटली, फ्रिज उलटा होऊन दारात अडकला, पिठाची पोती चिखलात फुगून पडली होती. गावातल्या १८६४ सालच्या वाचनालयाची पुस्तकंसुद्धा दोन्ही पुरांनी नेली, तिथे हॉटेलची काय कथा. 'जुनं वातावरण राहिलं नाही, प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवल्यात' असं एक मत तुम्ही वाचलं असेल. ते लिहिणाऱ्याने निदान एकदा विचारायला हवं होतं की संगमरवर गेला कुठे. काकांनी कर्ज काढून दोन महिन्यांत चहा सुरू केला, तेव्हा आख्ख्या रांगेत उघडं असलेलं दुसरं दुकान नव्हतं आणि साफसफाईला आलेली पोरं तिथेच चहा प्यायची. ती त्या काळात पाच तारे देऊन गेली. चवीचा त्यात संबंध कमी, पण ते तारे खोटे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कर्ज फेडायचं म्हणून भाच्याने मेनू वाढवला. आठ पानी मेनूकार्ड आमच्याकडेच लॅमिनेट झालं, त्यामुळे या पापात माझाही खारीचा वाटा धरा. पंजाबी आलं, चायनीज आलं. लॅमिनेट करताना मी विचारलं होतं, हे करणार कोण? तर म्हणाला, ग्रेव्ही तयार मिळते. 'पनीर बेचव', 'मंचुरियन कच्चं' ही सगळी मतं त्यानंतरची. ती बरोबरच आहेत, पण ज्या हॉटेलात आंबोळी मिळते तिथे जाऊन मंचुरियन मागवणाऱ्याची मला फारशी कीव येत नाही.

अजून एक गोष्ट तारखांची. मतं खाली सरकवत बघा, वाईट मतांचे गठ्ठे गणपतीच्या आसपास पडलेले दिसतील. तेव्हा मुंबईचे चाकरमानी येतात, टेबलाला टेबल भरतं, आणि नेमकी तेव्हाच हॉटेलची पोरं आपापल्या घरच्या गणपतीला गेलेली असतात. काउंटरवर काका, भटारखान्यात ताई, वाढायला शेजारचा कोणीतरी. 'अर्धा तास पाणी विचारलं नाही' हे शंभर टक्के खरं असणार. मे महिन्यात तेच, फक्त कारण वेगळं: गुहागरला जाणाऱ्या गाड्या. त्यांचं मत बहुतेक 'पार्किंग नाही' एवढंच असतं. बाजारपेठ मोटारींच्या आधीची आहे, तिथे पार्किंग कुठून येणार?

जुन्या मंडळींची मतंही थोडी गाळून घ्या. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, त्याआधी बहुतेक प्रवास एसटीचा. रात्रभर घाट उतरून हाडं खिळखिळी झालेला माणूस पहाटे बाजारात चहा पितो तेव्हा त्याला काहीही अमृत लागतं. अलोरे-पोफळीची कोयना प्रकल्पाची माणसं, लोट्याच्या कारखान्यांतली पाळी सुटलेली माणसं, सगळी इथे टेकायची. 'पूर्वीची चव' म्हणतात त्यात ती भूकही आहे. आणि हीच मंडळी काकांच्या तोंडावर 'झकास हो' म्हणतात आणि चार पावलं पुढे माझ्याकडे येऊन 'मिसळ खाववत नाही' सांगतात. कितीदा म्हटलं, हे त्यांना जाऊन सांगा. 'कशाला उगाच, एवढ्या वर्षांचे संबंध' हे ठरलेलं उत्तर.

काकांपर्यंत काही पोचलं ते गूगलवरूनच. एकदा स्वतः दुकानात आले आणि म्हणाले, "ती काय मतं लिहितात ना आमच्याबद्दल, ती काढून दे. मोठ्या अक्षरात." चार-पाच पानं झाली. बाकावर बसून चष्मा नाकावर घेऊन वाचली, माझ्याकडून लाल पेन मागून काही ठिकाणी खुणा केल्या. संडास अस्वच्छ असल्याचं दोघांनी लिहिलं होतं, त्यावर दोन रेघा. गणपतीनंतर तिथे नव्या लाद्या बसल्या. मिसळीच्या मतापाशी थांबले आणि म्हणाले, "हा बरोबर लिहितो." वड्यांवरचं वाचून काहीच बोलले नाहीत, घडी करून खिशात टाकलं. भाच्याशी बोलणं झालं की नाही, मी विचारलं नाही. संध्याकाळचे वडे आहेत तसेच आहेत.

एका मतात 'बिलात जीएसटी दाखवत नाहीत, चोर आहेत' असंही आहे. कंपोझिशन योजनेतल्या (छोट्या धंद्यांनी ठरावीक सोप्या दराने कर भरायची जीएसटीतली सोय) छोट्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही, आणि तसं बिलावर छापावंही लागतं. इथल्या बिलावर ते छापलेलं आहे. ते मत सोडून द्या.

तर तुम्ही जा, पण साडेसात ते दहा या वेळात. घावन किंवा आंबोळी मागा, सोबत उसळ घ्या. चटणी नुसती चाखून बघा. एकादशीला साबुदाणा वडा असतो, तो ताई करतात, नवाच्या आत संपतो. चहा साधा न घेता स्पेशल घ्या, त्यात दूध खरं असतं. दुपारची थाळी मध्यम, घरी डबा असेल तर घरीच जेवा. संध्याकाळी भूक लागली तर तिथे नुसता चहा घ्या आणि वडे स्टँडच्या बाजूला, जिथे डोळ्यांदेखत घाणा निघतोय अशा कोणत्याही गाडीवर खा. महिन्याचं खातं आता ठेवत नाहीत, क्यूआर कोड आहे, पण रेंज गेली की काका 'उद्या द्या' म्हणतात आणि लक्षातही ठेवतात. काही नावडलं तर दहानंतर गर्दी ओसरली की त्यांनाच सांगा, तुम्ही नवे आहात, तुम्हाला संबंधांची अडचण नाही.