जिथे एसटी मुक्कामाला थांबते

वाचकांचे प्रश्न : सायकल आणि घाटवाटा

प्रश्न : आम्ही तिघे मित्र, पंचेचाळिशीच्या आसपासचे. पाम बीच, घोडबंदर, येऊर असं तीन वर्षं चालवून झालं. आता सामान बांधून दोन-तीन दिवस डोंगरात जायचंय. माळशेज ठरवलं होतं, पण गेल्या डिसेंबरात टोकावड्याच्या पुढे ट्रक इतके अंगावर आले की परत फिरलो. घाट आहे पण ट्रक नाहीत, असा रस्ता ठाण्याजवळ उरलाय का? — एक वाचक, वसंतविहार, ठाणे

उत्तर : उरलाय. आणि परत फिरलात ते योग्यच केलंत. माळशेजचा रस्ता म्हणजे कल्याण-अहिल्यानगर राष्ट्रीय महामार्ग, क्रमांक ६१. जुन्नर-ओतूरकडचा भाजीपाला त्याच घाटाने कल्याणच्या बाजारात उतरतो. ट्रकवाल्याला वेळ गाठायची असते, त्याला तुमच्या सायकलीसाठी थांबता येत नाही.

मी एसटीत २९ वर्षं कंडक्टर होतो. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा या बाजूच्या मुक्कामी गाड्या मी पुष्कळ केल्या. संध्याकाळी शेवटच्या गावात गाडी लावायची, देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपायचं, पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचं. निवृत्त झाल्यावर सायकल घेतली तेव्हा त्याच रस्त्यांवर गेलो, आणि तेव्हापासून रस्ता निवडताना मी नकाशा नंतर पाहतो, आधी एसटीचं वेळापत्रक. जिथे दर अर्ध्या तासाला गाडी, तो रस्ता सोडा. जिथे एकही गाडी जात नाही, तिथे डांबर असेलच असं नाही आणि सायकल मोडली तर परतायची सोय नाही. दिवसाला दोन-तीन फेऱ्या आणि रात्री एक मुक्कामी गाडी, तो रस्ता तुमचा. त्याच्या पुढे मोठं गाव नसतं म्हणून ट्रक येत नाहीत, पण वाटेत माणसं असतात.

तुमच्यासाठी माझ्या मनात आहे तो कसारा-खोडाळा-मोखाडा-जव्हार. ठाण्याहून कसाऱ्यापर्यंत महामार्गावर सायकल चालवू नका. तिघे आहात, छोटा टेम्पो करा आणि उजाडता उजाडता कसाऱ्याला उतरा. तिथून थोडं अंतर महामार्गानेच काढावं लागतं, एकामागे एक राहून. मग डावीकडे जव्हारचा फाटा लागतो. आत वळलात की गाड्यांचा आवाज मागे राहतो तो थेट जव्हारपर्यंत.

विहीगावचा अशोका धबधबा याच रस्त्यावर आहे. पावसाळ्यात रविवारी तिथे मोटारींची रांग लागते, डिसेंबरात शुकशुकाट. त्यापुढे रस्ता वैतरणेच्या खोऱ्यात उतरतो, नदी ओलांडतो आणि खोडाळ्याकडे पुन्हा चढतो. या उताराला हुरळून जाऊ नका. जेवढं उतराल त्याहून जास्त चढायचं आहे. आमचे ड्रायव्हर या चढाला भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर घेत, आणि मी मागच्या दारात उभा राहून वळणावर कोणी हात करतंय का ते बघत असे. सायकलवर तीच वळणं इतकी सावकाश येतात की प्रत्येक आंब्याचं झाड ओळखीचं होतं.

पहिला मुक्काम खोडाळा किंवा मोखाडा, दुसरा जव्हार. दिवसाला चाळीस किलोमीटरच्या वर ठेवू नका. जव्हारला मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा आहे, आणि गावाबाहेर शिरपामाळ आहे, जिथे शिवाजी महाराज १६६४ च्या सुरतस्वारीला जाताना थांबले होते. अर्धा दिवस तिथे घाला. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत हा सगळा मुलूख आपल्या ठाणे जिल्ह्यातच होता, तरी ठाणेकरांनी तो फारसा पाहिलेला नाही याचं मला वाईट वाटतं.

परतताना जव्हारहून विक्रमगडपर्यंत सायकलने उतरा. वाड्यापासून भिवंडीकडे मात्र पुन्हा अवजड वाहनं, तिथे टेम्पो किंवा एसटी. टपावर सामान घेणाऱ्या गाड्या आता कमी झाल्यात, म्हणून डेपोत आधी विचारा. सायकल चढवायला स्वतः वर जा, आणि लगेजचं तिकीट मागून घ्या.

आता पाण्याचं, आणि हे नीट वाचा. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी वैशाखात खोडाळ्याचा चढ चढत होतो. दोन बाटल्या होत्या, दोन्ही रिकाम्या. रस्त्यालगतच्या पाड्यावर एका बाईंनी हंड्यातून तांब्या भरून दिला, मी दुसराही मागितला, तोही दिला. निघताना विचारलं, विहीर कुठे? त्यांनी खाली ओढ्याकडे हात केला. मी चालत जाऊन पाहिली. उतरायला वीस मिनिटं, वर यायला त्याहून जास्त, आणि तळाशी जेमतेम वीतभर पाणी. एक मुलगी आत उतरून वाटीने हंडा भरत होती. तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा ही मुंबईची धरणं याच शहापूर-मोखाड्याच्या डोंगरांत आहेत. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी पाजतोय. आणि इथल्या पाड्यांवर मार्चनंतर टँकर येतो. त्या दिवसापासून मी फेब्रुवारी ते जून या भागात सायकलवर चार लिटर पाणी घेऊन जातो, भरून घ्यायचं तर मोठ्या गावातल्या नळावर किंवा हॉटेलात. कोणाच्या घरच्या हंड्यातलं मागत नाही. तुम्हीही मागू नका. ती माणसं नाही म्हणणार नाहीत, म्हणूनच मागू नका.

एवढं एकदम नको वाटलं तर आधी धाकटा फेरा करा : बदलापूर, बारवी धरण, मुरबाड, म्हसा, धसई, सरळगाव. धसईहून देहरीकडे वळलात तर गोरखगड-मच्छिंद्रगडचे सुळके समोर उभे राहतात. पौष पौर्णिमेच्या सुमारास मात्र जाऊ नका. म्हशाची जत्रा असते, गुरांचा बाजार भरतो, रस्त्यावर बैल आणि टेम्पो यांच्याशिवाय काही नसतं. खरं तर जत्रा बघायला जा, पण सायकल घरी ठेवून.

प्रश्न : माझी सायकल रोड बाइक आहे, पुढच्या दोन चक्रांना ५० आणि ३४ दात, मागचं सर्वांत मोठं चक्र २८ दातांचं. मागे दहा किलो सामान लावलं तर घाट निघेल का? — वाचक, सीवूड्स

उत्तर : निघेल, पण गुडघे बोलतील. हिशोब सोपा आहे. पुढे ३४ आणि मागे ३४ असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एक फेरा, म्हणजे सुमारे २.१ मीटर. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेसात किलोमीटर. सामानासकट खडा चढ चढताना यापेक्षा जास्त वेग आपल्यासारख्यांना झेपत नाही. तुमच्या ३४-२८ मध्ये एका फेऱ्याला अडीच मीटर जायला लागतं, आणि तेवढा जोर नसला की फेरे मंदावतात, मग पाय रेटायला लागतात, आणि तिथेच गुडघा जातो. मागे ३४ ची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, बसते का ते मेकॅनिकला विचारा. बऱ्याच वेळा मागचा डिरेलरही, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, बदलावा लागतो. तो खर्च करा, हलक्या चाकांवर नको.

टायर ३२ मिलिमीटर रुंदीच्या खाली नकोत. व्हॉल्व्ह बारीक, प्रेस्टाचा असेल तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवा. मोखाड्याच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो, पण त्याचं तोंड मोटरसायकलच्या व्हॉल्व्हचं. पन्नास रुपयांच्या आतल्या त्या तुकड्याअभावी मी एकदा सहा किलोमीटर सायकल ढकलली आहे.

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी, वय ५१ आणि ५४. दोघींनाच जायचंय, ग्रुप नको. राहायचं कुठे आणि लघवीला जायचं कुठे हे दोन प्रश्न कोणी स्पष्ट सांगत नाही. — वाचक, ऐरोली

उत्तर : ताई, प्रश्न अगदी बरोबर विचारलात. सोय नसते म्हणूनच बायका गाडीतून उतरायच्या नाहीत, हे मी इतकी वर्षं पाहिलंय. तासन्‌तास पाणी न पिता प्रवास करायच्या. सायकलवर तसं केलंत तर दुपारपर्यंत चक्कर येईल, म्हणून पाणी कमी पिणं हा उपाय नाही.

मुरबाड, शहापूर, मोखाडा, जव्हार इथे एसटी स्टँडवर सोय असते. स्वच्छता वेळेवर अवलंबून, सकाळी बरी. मधल्या टप्प्यात अंगणवाडी शोधा. सेविका बहुतेक गावातलीच बाई असते, तिला सरळ सांगा, ती स्वतःच्या घरी नेईल. माझ्या बायकोने खोडाळ्याच्या अलीकडे हेच केलं, आणि नंतर तासभर त्या दोघी नागलीच्या भाकरीवर बोलत बसल्या. मी बाहेर सायकली राखत. (त्या भागात नाचणीला नागली म्हणतात. भाकरी आणि उडदाचं वरण मिळालं तर सोडू नका.)

राहायला जव्हारला लॉज आणि घरगुती सोय दोन्ही मिळतं. मोखाड्यात निवड कमी, म्हणून फोन करून, पक्कं करून निघा. पहिल्याच खेपेला अनोळखी पाड्यावर रात्र काढायचं ठरवू नका. अंधार पडायच्या दोन तास आधी मुक्कामी पोचायचं, हे मी पुरुषांनाही सांगतो. डिसेंबरात सहा वाजता दिवस संपतो आणि घाटात त्याआधीच सावली येते. वैतरणेच्या खोऱ्यात फोनला रेंज मिळेलच असं नाही. घरी आधीच सांगून ठेवा की मधले दोन-तीन तास फोन कदाचित लागणार नाही, म्हणजे उगाच कोणी घाबरत नाही.

दोघीच जाताय याचा मला मनापासून आनंद आहे. फाल्गुनात जमलं तर मोखाड्याचा बोहाडा बघा. मुखवटे लावून देवदेवता रात्रभर नाचवतात, आणि सगळं गाव जागं असतं.

प्रश्न : भर पावसात गेलं तर? फोटो तेव्हाच चांगले येतात. — वाचक, खारघर

उत्तर : घाटात नको. दरड सांगून येत नाही, आणि ओल्या रस्त्यावर रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडेला रबर घासणारा ब्रेक, उशिरा धरतो. धबधब्यांवर प्रशासन बंदी घालतं ती कारणाशिवाय नाही. ऑक्टोबर संपू द्या. तेव्हाही भातकापणीनंतर लोक पेंढा रस्त्यावर पसरतात, तिथे सायकलवरून उतरून चालत जा. तो त्यांच्या कष्टाचा माल आहे, शिवाय त्याची एक काडी डिरेलरमध्ये गेली की साखळी अडकते.

प्रश्न : काका, मी नववीत आहे. माझ्याकडे बिनगिअरची सायकल आहे. बाबा म्हणतात, गिअरवाली दहावीनंतर. तोपर्यंत डोंगरात जाऊच शकत नाही का? — एक विद्यार्थी, कळवा

उत्तर : जाऊ शकतोस, बाळा. आमच्या लहानपणी मुरबाडचे दूधवाले बिनगिअरच्या सायकलीला दोन्ही बाजूंनी कॅन लावून चढ चढायचे. सायकलच्या दुकानात जाऊन मागच्या फ्रीव्हीलचे दात मोज. बहुतेक अठरा असतील. वीस किंवा बावीस दातांचं बसवून घे, साखळीत एखादी कडी वाढवावी लागेल, खर्च फार नाही. सपाटीवर थोडी हळू वाटेल, चढावर फरक लगेच कळेल.

मग बाबांना घेऊन येऊरला जा, उपवनच्या पुढच्या फाटकातून. रविवारी नको, तेव्हा मोटारी असतात. सुट्टीत मंगळवार-बुधवारी सकाळी सहाला. जिथे दम लागेल तिथे उतरून चाल, त्यात काही कमीपणा नाही. उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत ये, एकच ब्रेक आवळून धरू नकोस. घरून निघायच्या आधी मागच्या ब्रेकचे रबर तपास, झिजून लोखंड दिसत असेल तर त्या दिवशी जाऊ नकोस. पाच वेळा न उतरता वरपर्यंत गेलास की मला लिही. पुढचा रस्ता बारवी धरणाचा सांगतो.